जुन्या मोटारसायकलचे ऑइल बदलणे : एका देखभाल-कृतीचा सामाजिक इतिहास

बीजसंज्ञा : वंगण, देखभाल, बुलेट, टू-स्ट्रोक, गॅरेज, उस्ताद, वापरलेले ऑइल

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील वाहन उद्योगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी परवाना पद्धती, परदेशी सहकार्याचे करार, कारखान्यांची उभारणी आणि कामगार चळवळ या विषयांना पुष्कळ स्थान दिले आहे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेल्या वाहनाचे पुढील पंचवीस-तीस वर्षांत काय होते, ते कोण चालू ठेवते आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर, हा प्रश्न मात्र बव्हंशी दुर्लक्षित राहिला. डेव्हिड एजर्टन यांच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथाने तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या ऐवजी वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने पाहावा असे सुचविले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिलाई यंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारतापुरती तशी मांडणी केली. मोटारसायकल त्या मालिकेत सहज बसली असती.

प्रस्तुत निबंधात मोटारसायकलच्या देखभालीतील सर्वांत साध्या समजल्या जाणाऱ्या कृतीचा, म्हणजे इंजिनातील ऑइल बदलण्याचा, विचार केला आहे. उदाहरण मुख्यतः बिडाच्या इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटचे घेतले असून तुलनेसाठी जावा-येझदी, बजाज स्कूटर आणि हिरो होंडा यांचा आधार घेतला आहे. ही कृती नवशिक्यास शिकवावयाची तर ती लिहिलेली कोठे आहे, असा प्रश्न केला असता उत्तर दोन ठिकाणी सापडते : कंपनीच्या पुस्तिकेत आणि गॅरेजमधील उस्तादाच्या हातात. या दोन्ही ठिकाणचे ज्ञान अपुरे होते, आणि ते एकत्र येण्याची व्यवस्था आपल्या समाजात फारशी झाली नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

'बदलणे' या क्रियेचा उगम

वंगण ही संकल्पना मराठी मुलखाला मोटारीबरोबर आलेली नाही. बैलगाडीच्या आसाला तेलकट वंगण देण्याची रीत जुनी आहे आणि गाडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे हा गाडीवानाच्या सरंजामाचाच भाग होता. परंतु बैलगाडीचे वंगण 'बदलत' नसत. ते 'घालत' असत. जुने वंगण आपोआप गळून, झिजून, धुळीत मिसळून जाई आणि त्यावर नवे चढे.

आरंभीच्या मोटारसायकलीही या बाबतीत बैलगाडीच्याच जातीच्या होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील बहुतेक गाड्यांत तेलाच्या टाकीवर एक हातपंप असे आणि चालक काही मैलांच्या अंतराने तो दाबून इंजिनात तेल सोडी. हे तेल काही जळून जाई, काही सांध्यांतून गळे. टाकीत परत कधीच येत नसे. चढ लागला की एक दाब जास्त द्यावयाचा, उतारावर कमी, हे चालकाने स्वतःच्या अंदाजाने ठरवावयाचे. म्हणजे त्या काळी वंगण देणे हा गाडी चालविण्याचाच एक भाग होता. देखभालीचा वेगळा विभाग अद्याप जन्मास आला नव्हता. पुढे पंप इंजिनावरच चालू लागला, आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेच तेल पुनःपुन्हा फिरविणारी व्यवस्था हळूहळू रूढ झाली. तेल परत येऊ लागले म्हणूनच ते मळू लागले, आणि मळू लागले म्हणूनच ते ठरावीक काळाने बदलावे लागले. ऑइल बदलण्याची कृती ही अशा प्रकारे अभिसरण पद्धतीचे अपत्य आहे.

याच काळात तेलाचेही प्रमाणीकरण झाले. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने, म्हणजेच एसएईने, १९११ मध्ये तेलांचे पहिले वर्गीकरण केले. डब्यावरील २०, ३०, ४० हे आकडे त्याच परंपरेतून आलेले आहेत. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले ते कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. घराघरांतून मुलांना नाक दाबून पाजले जाणारे तेल विमानाच्या पोटातही जात होते, ही गोष्ट आजही वर्गात सांगितली की विद्यार्थ्यांना खरी वाटत नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अभिसरणाच्या वंगणाशी पहिली ओळख मोटारसायकलने नव्हे, तर विहिरीवरील इंजिनाने करून दिली असावी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील मेस्त्रींच्या कारखान्यांनीही अशी इंजिने घडविली. (येथे 'ऑइल' हा शब्द इंधनाचा वाचक आहे, वंगणाचा नव्हे, त्यामुळे 'ऑइल इंजिनाचे ऑइल बदलले' असे विचित्र वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी सहज येते.) ज्या घरात विहिरीवर इंजिन होते, त्या घरातील मोटारसायकल गॅरेजवर कमी विसंबून राहिली असेल, असे अनुमान करावयास जागा आहे.

बुलेटच्या पोटात

भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ३५० सीसी बुलेट निवडली. १९५५ मध्ये इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्याने एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे कारखाना झाला. मूळ इंग्लिश कंपनीचे उत्पादन १९७० पर्यंत पूर्णपणे थांबले. भारतातील बुलेट मात्र त्याच जुन्या आराखड्यावर, थोड्याफार फेरफारांनिशी, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली. त्यामुळे १९५० च्या आसपासची इंग्लिश वंगणव्यवस्था भारतात सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ जिवंत राहिली.

या इंजिनाची रचना समजल्याखेरीज त्याचे ऑइल बदलता येत नाही, आणि नवशिक्याची चूक येथेच होते. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून एकच ऑइल असते. जुन्या बुलेटमध्ये तीन स्वतंत्र कप्पे आहेत. इंजिनाचे ऑइल क्रँककेसच्याच ओतकामात मागील बाजूस केलेल्या टाकीवजा कप्प्यात राहते. डाव्या बाजूच्या झाकणाखाली प्रायमरी चेन आणि क्लच यांचे वेगळे ऑइल असते. आणि गिअरबॉक्स ही तिसरी, निराळीच पेटी. इंजिनाच्या कप्प्यात सव्वादोन लिटर ऑइल मावते. मूळ इंग्रजी मापात ते चार पाइंट होते. १९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर देश दशमान पद्धतीकडे वळला तेव्हा पाइंटचे लिटर झाले, परंतु नटबोल्टांची इंग्रजी मापे तितक्या लवकर गेली नाहीत, आणि एकाच गाडीला दोन जातींचे पाने लावण्याची पाळी मेकॅनिकवर अनेक वर्षे येत राहिली.

टाकीतील ऑइल एक पंप क्रँककडे ढकलतो आणि दुसरा पंप तळाशी जमलेले ऑइल वर रॉकरकडे व परत टाकीकडे पाठवितो. दोन्ही पंप उजव्या बाजूच्या टायमिंग झाकणात असून पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्यांचे आहेत. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतील ऑइल पंपाच्या फटींतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. मग डिपस्टिक काढून पाहणाऱ्या नवशिक्याला टाकी जवळजवळ रिकामी दिसते. तो घाबरून लिटरभर ऑइल ओततो. इंजिन सुरू झाल्यावर दुसरा पंप खाली उतरलेले सर्व ऑइल परत वर आणतो, टाकी ओसंडते, ब्रीदरच्या नळीतून ऑइल बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. ऑइल कमी असण्याच्या भीतीने ते जास्त घातले गेले, एवढाच या साऱ्याचा अर्थ असतो. परंतु कित्येक मालकांनी याच लक्षणांवरून इंजिन 'उतरविण्याचा' निर्णय घेतला असेल. जुन्या बुलेटची पातळी इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असतानाच पाहावयाची, हा नियम या रचनेतूनच निघतो.

ऑइल काढतानाही इंजिन आधी गरम करावे लागते. थंड ऑइल घट्ट असते आणि गाळ तळाशी बसलेला असतो. गरम ऑइल त्या गाळाला बरोबर घेऊन उतरते. गाडीखाली पसरट भांडे ठेवून दोन बूच काढावयाचे : एक टाकीच्या कप्प्याचे, दुसरे क्रँककेसचे. केवळ पहिले काढणारा माणूस नव्या ऑइलमध्ये जुन्याची भेसळ करतो. बूच ज्या ॲल्युमिनियमच्या ओतकामात बसते त्याचे आटे मऊ असतात. मोठ्या पान्याने जोर लावून आवळलेले बूच आज गळत नाही, पण दोन-तीन वर्षांनी आटेच बाहेर घेऊन येते. बुचाखालची तांब्याची वायसर वापरून कडक झालेली असते. नवी मिळाली नाही तर जुनी तांबडी होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते. धातुशास्त्राचा हा धडा गॅरेजमधील प्रत्येक उस्तादाला ठाऊक असतो, आणि त्यामागील कारण मात्र महाविद्यालयातील प्राध्यापकाला ठाऊक असते. दोघांची गाठ क्वचितच पडते.

त्यानंतर फिल्टर. टायमिंग झाकणाच्या खालच्या भागात एका टोपणाखाली नमद्याचा लांबट फिल्टर, स्प्रिंग आणि चकत्या असतात. त्या ज्या क्रमाने निघतात त्याच्या उलट क्रमाने बसविणे आवश्यक आहे, कारण क्रम चुकला तर ऑइल न गाळताच पुढे जाते किंवा त्याची वाट अडते. नवा फिल्टर कोरडा असतो आणि त्याचा कप्पाही रिकामा झालेला असतो. तसेच इंजिन सुरू केले तर कप्पा भरेपर्यंत क्रँकच्या बेअरिंगला ऑइल मिळत नाही. म्हणून फिल्टर बसविण्यापूर्वी नव्या ऑइलमध्ये भिजवावा आणि कप्प्यातही थोडे ऑइल ओतावे. शेवटी टाकीत ऑइल भरून इंजिन मंद गतीवर सुरू करावयाचे आणि रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेथे ऑइल पाझरते की नाही हे पाहावयाचे. पाझरले तर पंप चालू आहे. काही क्षणांतही पाझरले नाही तर इंजिन तत्काळ बंद करून कारण शोधले पाहिजे. या गाडीला ऑइलच्या दाबाचा दिवा नाही. तो सैल केलेला बोल्ट हाच तिचा दिवा.

पुस्तिका आणि उस्ताद

वर दिलेल्या वर्णनातील किती भाग गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असे? बूच कोणते, ऑइल किती, किती किलोमीटरनंतर बदलावयाचे, हे त्यात असे. रचनेची आकृतीही असे. परंतु या पुस्तिका प्रामुख्याने इंग्रजीत होत्या, आणि बुलेट घेणारा दूधवाला, बागायतदार किंवा पोलीस हवालदार त्या वाचून गाडीखाली शिरेल अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. पुस्तिका कपाटात, गाडीच्या कागदपत्रांबरोबर राहिली. किती मऊ हाताने आवळावे, वायसर कशी तापवावी, उभ्या गाडीची डिपस्टिक कशी फसविते, हे त्या पुस्तिकेबाहेरचे ज्ञान होते.

ते गॅरेजमध्ये होते. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारापासून तालुक्याच्या एस.टी. स्थानकाशेजारच्या टपरीपर्यंत पसरलेल्या या जगात ज्ञानाचे संक्रमण उस्तादाकडून शागिर्दाकडे होई, आणि ऑइल काढणे हे शागिर्दाचे पहिले काम. ते शिकविले जात नसे. पाहून पाहून येई. उस्ताद काढलेले ऑइल दोन बोटांत चोळून पाही. बोटांवर चकाकी उरली तर कोठेतरी धातू झिजतो आहे. वासात पेट्रोल आले तर कार्बोरेटर किंवा रिंगांचा दोष. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि कोकणातील पावसाळ्यानंतर हे दृश्य नवे नसे. निदानाची ही पद्धती वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी होती, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते तितकेसे खरे नाही. नाडीपरीक्षेला ग्रंथांचा आधार होता. येथे मराठीत लिहिलेले फारच थोडे होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालू होता आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांतील उमेदवारीस चौकट दिली. टपरीवरचे गॅरेज त्या चौकटीत कधी आले नाही.

या परंपरेचा गौरव करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ऑइल काढणारा शागिर्द पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा मुलगा असे. शाळा सुटलेली, मजुरी नाममात्र किंवा केवळ दोन वेळचे जेवण, आणि दिवसभर हात कोपरापर्यंत काळ्या ऑइलमध्ये. वापरलेल्या इंजिन ऑइलचा दीर्घकाळ होणारा स्पर्श त्वचेस अपायकारक असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. गॅरेजमध्ये हातमोजे नव्हते. हात धुवावयास पेट्रोल किंवा रॉकेल होते, आणि त्याने त्वचेचे उरलेसुरले संरक्षणही जाई. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ मध्ये झाला, पुढे त्याच्या अनुसूचीत मोटार दुरुस्तीच्या गॅरेजचा समावेश झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक उद्योगासारखे मोजके अपवाद सोडून, सर्वच व्यवसायांत कामास ठेवण्यावर बंदी आली. ज्या ज्ञानपरंपरेचे आपण आज कौतुकाने स्मरण करतो, तिचा पाया या मुलांच्या हातांवर होता. मालक शेजारच्या बाकड्यावर चहा घेत वर्तमानपत्र वाचत असे. मालकाला अक्षरे येत होती आणि मुलाला इंजिन. ही विभागणी केवळ सोयीची नव्हती. जात, वर्ग आणि शारीरिक श्रमाविषयीची आपली जुनी अढी तीत मिसळलेली होती. 'हात काळे करणे' या शब्दप्रयोगाला मराठीत बरा अर्थ नाही, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

ज्यांनी ऑइल कधी बदललेच नाही

बुलेट ही संख्येने अल्प होती. १९६० ते १९८५ या काळात भारतीय मध्यमवर्गाचे वाहन म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि १९७३ पासूनची येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून पियाजिओच्या सहकार्याने आकुर्डीत तयार होऊ लागलेली व १९७२ पासून चेतक या नावाने घरोघरी पोहोचलेली बजाज स्कूटर, या सर्वांच्या इंजिनात वंगण साठविण्याची जागाच नव्हती. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावयाचे, ते पेट्रोलबरोबर आत जावयाचे आणि जळून जावयाचे. आरंभीच्या हातपंपाच्या मोटारसायकलींप्रमाणेच हे 'घालण्याचे' वंगण होते, 'बदलण्याचे' नव्हे. पेट्रोल पंपावर ऑइलचे माप ओतून घेणे आणि मग स्कूटर दोन्ही बाजूंना हलवून मिश्रण करणे, हा एका संपूर्ण पिढीचा विधी होता. जावा-येझदीच्या गिअर व क्लचचे ऑइल आणि स्कूटरच्या गिअरपेटीतील पाव लिटर ऑइल बदलावे लागे. ते काम गॅरेजवाला करी आणि मालकाच्या ते ध्यानातही नसे.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या हिरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, या आशयाची तिची जाहिरात अनेकांना आजही आठवते. पेट्रोलच्या बाबतीत ते योग्यच होते. परंतु टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची आठवण प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना आपोआप होत असे. फोर-स्ट्रोकमध्ये ती मालकाने स्वतः ठेवावयाची होती. जाहिरातीने पेट्रोल विसरावयास सांगितले, आणि मालकाने त्याबरोबर ऑइलही विसरले नसेल असे म्हणणे अवघड आहे. कंपन्यांनी विनामूल्य सर्व्हिसिंगची कुपने देऊन ही आठवण स्वतःकडे घेतली. कुपने संपली की मालक पुन्हा टपरीवरील उस्तादाकडे जाई. अशा रीतीने, ज्या काळात ऑइल बदलणे ही सर्वसामान्य गरज झाली, त्याच काळात ती मालकाच्या हातून कायमची निघून गेली.

डब्यातील बदल

या दरम्यान ऑइलही स्थिर नव्हते. तुर्भे येथे ल्यूब इंडियाचा वंगणतेलाचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये सर्व्हो ही देशी नाममुद्रा आणली. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वंगणाचा व्यापार खुला झाल्यावर डब्यांची संख्या वाढली आणि भेसळही. रिकामा डबा गॅरेजवाल्याला न देता खिळ्याने भोक पाडून टाकण्याची सवय शहाण्या ग्राहकाने याच काळात लावून घेतली.

जुन्या गाडीच्या नवशिक्या मालकाला आजच्या दुकानात गोंधळविणारी गोष्ट म्हणजे डब्यावरील अक्षरे. जपानी जासो संस्थेने १९९८ मध्ये मोटारसायकलच्या ऑइलसाठी स्वतंत्र मानक केले. त्यातील 'एमए' ही खूण ऑइलमध्ये बुडालेला क्लच घसरणार नाही अशा ऑइलची आहे. सीडी १०० सारख्या गाडीला आणि २००८-०९ पासून आलेल्या एकत्रित इंजिनाच्या बुलेटला ती अत्यावश्यक ठरते, कारण तेथे इंजिन आणि क्लच यांचे ऑइल एकच. बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिनाचे ऑइल क्लचपर्यंत पोहोचतच नाही. तेथे २०डब्ल्यू-५० ही घट्टपणाची श्रेणी महत्त्वाची. म्हणजे 'बुलेटला कोणते ऑइल?' या प्रश्नाला गाडीचे साल विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. दुकानदार सहसा साल विचारीत नाही.

काळ्या तेलाची वाट

काढलेल्या सव्वादोन लिटर ऑइलचे काय होई? टंचाईच्या अर्थव्यवस्थेत ते वाया जात नसे. गॅरेजमधील पिंप भरले की ते विकले जाई. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना तेच लावीत, वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना तेच फाशीत, दाराच्या बिजागऱ्यांना आणि सायकलच्या साखळीला तेच घालीत, आणि उरलेले भट्ट्यांत जळे. जे सांडे ते गॅरेजच्या जमिनीत मुरे. जुन्या गॅरेजची जागा दुरून ओळखू येते ती त्या काळ्या, कडक झालेल्या मातीवरून. पावसाळ्यात तिच्यावरून वाहणारे पाणी सप्तरंगी होऊन गटारात जाते आणि गटार पुढे ओढ्याला मिळते.

कायद्याने टू-स्ट्रोकच्या धुराकडे आधी लक्ष दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशाने दिल्लीत सुट्या टूटी ऑइलची विक्री त्या वर्षाअखेर बंद झाली. वापरलेले ऑइल १९८९ च्या घातक कचराविषयक नियमांच्या कक्षेत होते. पुढील दुरुस्त्यांनी ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारांकडेच द्यावे असे बंधन आले. २०१६ मध्ये नवे नियम झाले आणि २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून ऑइलच्या उत्पादक व आयातदारांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची वाढती जबाबदारी टाकली. हे स्वागतार्ह आहे. परंतु हे नियम कंपन्या, मोठी सेवाकेंद्रे आणि पिंपांच्या हिशेबाने व्यवहार करणारे संकलक यांना समोर ठेवून लिहिलेले आहेत. तालुक्याच्या टपरीवरील पिंप कोण उचलतो आणि तो ते नेमके कोठे नेतो, याची नोंद त्यांतून आपोआप होत नाही.

गेल्या काही वर्षांत जुन्या बुलेट आणि येझदी हौसेने दुरुस्त करून चालविणारा तरुण वर्ग पुढे आला आहे. त्यांतील पुष्कळसे अभियंते आणि संगणक क्षेत्रात काम करणारे असून त्यांना स्वतःच्या हाताने ऑइल बदलावयाचे आहे. ज्या कामाला त्यांच्या वडिलांनी हात लावला नाही ते करण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. ते पुस्तिकेची छायाप्रत मिळवितात, हातमोजे घालतात, पाना कोणत्या मापाचा याची आधी खात्री करून घेतात. अडतात ते दोन ठिकाणी. पहिली अडचण आट्यांच्या मऊपणाची. त्यासाठी त्यांना अजूनही एखाद्या वृद्ध उस्तादाला शोधावे लागते, आणि त्याने आपला शेवटचा शागिर्द घेऊन बरीच वर्षे झालेली असतात. दुसरी अडचण काम संपल्यावर येते. नवे ऑइल भरलेले असते, रॉकरच्या बोल्टाशी ते पाझरलेलेही असते, इंजिन संथ चालत असते, आणि शेजारी पसरट भांड्यात दोन लिटर काळे ऑइल निवत पडलेले असते. बहुतेक जण ते रिकाम्या डब्यात भरून कोपऱ्यावरच्या त्याच गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततात.